परिटा आणि पाखरा

लहानपणी आमच्याकडे परटाकडून कपडे यायला उशीर झाला की आजोबा दारात उभे राहायचे आणि हात मागे बांधून, चाल लावून म्हणायचे, "परिटा, येशिल कधी परतून?" आम्ही पोरं खो खो हसायचो. आजोबांचा चेहरा इतका गंभीर आणि वाट कोणाची बघतायत तर परटाची, एवढं आम्हाला पुरायचं. ही कोणाची तरी कविता आहे हे माहीत होतं, पण ही कशाची तरी नक्कल आहे हे मात्र मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

मग कॉलेजात असताना एका जुन्या संग्रहात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता समोर आली, "पाखरा, येशिल कधी परतून?" आणि मी आधी हसले, अगदी मोठ्याने, कारण कानात आजोबांचा आवाज. मग पुढची कडवी वाचत गेले आणि हळूहळू हसू ओसरलं. उडून गेलेल्या पाखराला कोणीतरी मनापासून विचारतंय, तू परत कधी येणार, आणि ते विचारणं खरं आहे, त्यात काही गंमत नाही. त्या दिवशी मला फार विचित्र वाटलं. एकाच चालीत, जवळजवळ त्याच शब्दांत, एकदा पोट धरून हसायचं आणि एकदा गळा दाटून यायचा, हे एका भाषेत कसं काय मावतं? आणि नंतर जे मावलं त्याने आधीच्याचं काही बिघडवलं नाही हे त्याहून आश्चर्य, कारण माझ्यापुरतं तरी परटामुळेच पाखरू लक्षात राहिलंय.

परटाची कविता केशवकुमारांची, म्हणजे आचार्य अत्र्यांची, 'झेंडूची फुले' मधली. हे बहुतेकांना माहीत असतं. पण मला तिथून मागे जायचं होतं, म्हणजे ही कविता आणि ही थट्टा एकमेकांच्या इतक्या जवळ आल्या कुठून, एकमेकांना इतक्या ओळखतात कशा. आणि त्या शोधात मी जुन्या मासिकांच्या बांधीव फायलींपर्यंत पोचले, आणि खरं सांगायचं तर अजून तिथेच आहे.

ज्यांनी अशा फायली हातात घेतलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. वर्षभराचे बारा अंक एकत्र शिवून जाड पुठ्ठ्यात बांधलेले असतात. कागद पिवळा नाही, तपकिरी झालेला असतो आणि पान उलटताना कोपरा हातात येईल की काय अशी भीती वाटते, म्हणून मी पान कोपऱ्याला न धरता मधून, तळवा खाली घालून उलटते. मी ज्या वाचनालयात जायचे तिथे काही वर्षांच्या फायली एका ओल आलेल्या भिंतीजवळ ठेवल्या होत्या आणि दोन पावसाळ्यांत त्यांची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली. मी सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. तो विषय काढला की मला अजून त्रास होतो म्हणून इथेच सोडते. ज्या वाचल्या त्या मात्र मी अनुक्रमणिका न बघता, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचल्या आणि तशाच वाचायला हव्यात असं माझं ठाम मत झालंय.

कारण संग्रहात कविता कवितेशेजारी असते. मासिकात तसं नसतं. मासिकात एका कवितेच्या अलीकडे इतिहासावरचा लेख असतो, पलीकडे गोष्ट असते, गोष्टीनंतर विनोदी लेख, मग पुस्तकपरीक्षण, मग पुन्हा दोन कविता. लेख संपून पानावर चार बोटं जागा उरली की तिथे कविता बसवायची, त्याला पानपूरक म्हणतात. शब्द ऐकायला जरा अपमानकारक वाटतो पण मला तो आवडतो, कारण त्यामुळेच कविता सगळ्या घरात गेली. जो माणूस कविता वाचायला म्हणून कधी बसला नसता त्याच्याही डोळ्यांखालून ती गेली, गोष्ट आणि थट्टा यांच्या मधून.

आणि नावं बघा ना त्या नियतकालिकांची! हरि नारायण आपट्यांचं 'करमणूक', १८९० साली निघालेलं साप्ताहिक. काशिनाथ रघुनाथ मित्रांचं 'मासिक मनोरंजन', १८९५ चं. केशवसुतांसारख्या माणसाची कविता, जिच्यात जुनं जाळून टाका, पुरून टाका अशी भाषा आहे, ती 'करमणूक' नावाच्या पत्रात छापून येत होती! यात त्या काळच्या कोणाला काही वावगं वाटलेलं दिसत नाही. करमणूक म्हणजे हलकं आणि कविता म्हणजे जड अशी आपण जी वाटणी करून ठेवली आहे ती त्यांनी केलेलीच नव्हती. संस्कृतात ते सुभाषित आहे, शहाण्या माणसांचा काळ काव्यशास्त्रविनोदात जातो म्हणणारं, त्यातला विनोद म्हणजे आजच्या अर्थाचा विनोद नव्हे, मन रमवणं एवढाच त्याचा अर्थ, हे मला माहीत आहे. पण या मासिकांच्या काळात तो शब्द हळूहळू हसण्याकडे सरकला आणि तरी समासातून सुटला नाही, काव्याला धरूनच राहिला, असं मला ही पानं वाचताना सारखं वाटतं.

फक्त कवितेला वाहिलेलं मासिकही होतं बरं का, 'काव्यरत्नावली'. जळगावहून निघायचं, नारायण नरसिंह फडणीस त्याचे संपादक, १८८७ ते १९३५. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं! मुंबई नाही, पुणे नाही, खानदेशातल्या जळगावातून एक माणूस जवळजवळ अर्धं शतक नुसत्या कवितेचं मासिक चालवतो. याच जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरलं आणि त्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला बालकवी म्हटलं. ते नाव त्याला आयुष्यभर चिकटलं, आणि आयुष्यभर म्हणजे तरी किती, अकराच वर्षं अजून.

आता गंमत बघा, म्हणजे मला ही गोष्ट लक्षात आली तेव्हा मी नकाशा काढून बसले होते. मराठी कवितेचं मासिक जळगावातून, आणि ज्या माणसाने मराठीत विनोदी लेखाची परंपरा सुरू केली ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, ते पण जळगावचेच म्हणायचे, पण दुसऱ्या जळगावचे. वऱ्हाडातलं जळगाव जामोद, तिथे ते वकिली करायचे. दोन्ही जळगावं, एक कवितेचं आणि एक विनोदाचं. याचा काही अर्थ नाही, योगायोग आहे, पण मला तो इतका आवडतो की भेटेल त्याला सांगते.

कोल्हटकरांचा पहिला विनोदी लेख 'साक्षीदार', १९०२ साली 'विविधज्ञानविस्तारा'त आला. आता 'विविधज्ञानविस्तार' म्हणजे भारदस्त काम. १८६७ पासून चालू असलेलं, ग्रंथपरीक्षणं, भाषाशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, अशा मजकुराचं मासिक. त्यात मधेच एक वकील कोर्टातल्या साक्षीदारांवर लिहितो आणि तेही रोज जे डोळ्यांनी बघतोय त्यावरून. पुढे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या असं त्रिकूटच त्याने उभं केलं. सुदाम्याच्या तोंडून लग्नातले मानपान, शिमगा, जाती, भटभिक्षुकी, सणवार सगळं येतं. लिहिणारा रागावलेला आहे हे कळतं पण रागावून बोलत नाही. आगरकरांनी जे पोटतिडकीने सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या, तेच कोल्हटकरांनी पोह्यांच्या पुरचुंडीत बांधून दिलं आणि लोकांनी ते खाल्लं. १९१० साली या लेखांपैकी अठरांचं पुस्तक झालं, 'सुदाम्याचे पोहे', पुढे बत्तीस लेख झाले आणि 'साहित्यबत्तिशी' म्हणून १९२३ ला निघालं. बत्तिशी म्हणजे बत्तीस लेखांची आणि हसणाऱ्या दातांचीही.

मला कोल्हटकर वाचताना दम लागतो हेही सांगायला हवं. त्यांची वाक्यं लांब, कोटीवर कोटी, संस्कृतातून आलेली, एका शब्दाचे तीन अर्थ डोक्यात ठेवून पुढे जायचं. आज पहिल्या वाचनात हसू येत नाही, दुसऱ्या वाचनात येतं. पण मासिकात वाचलं तर त्याचं कारण समजतं. त्या पानांच्या अलीकडे पलीकडे जो मजकूर आहे तो त्याच भाषेत आहे! तीच लांब वाक्यं, तोच युक्तिवाद, तीच प्रमाणं आणि निष्कर्ष. कोल्हटकर त्या भारदस्त गद्याचाच अंगरखा घालून येतात आणि आत भलतंच सांगतात. शेजार काढून घेतला की अंगरखा नुसता जड वाटतो. म्हणून म्हणते, फाईल वाचा.

विनोद म्हणजे काय याचा विचारही त्याच वर्षांत सुरू झाला. न. चिं. केळकरांचं 'सुभाषित आणि विनोद' १९०८ चं. केळकर म्हणजे 'केसरी'शी बांधलेला माणूस, लोकमान्य टिळकांवर खटला चाललेलं ते वर्ष, आणि त्याच वर्षी त्यांचं हसण्यावरचं पुस्तक. हसण्याला किती गंभीरपणे घेत होते हे लोक!

पण ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो माणूस म्हणजे राम गणेश गडकरी.

गडकऱ्यांचे गुरू दोन. कवितेत केशवसुत आणि विनोदात, नाटकात कोल्हटकर. आणि त्यांची नावंही दोन, कवितेखाली सही गोविंदाग्रज आणि विनोदी लेखाखाली बाळकराम. नाटकांसाठी खरं नाव. आज आपण हे तीन वेगळे गडकरी तीन वेगळ्या पुस्तकांतून वाचतो. मला वाटतं की यामुळे गडकऱ्यांचा आपण फार मोठा भाग हरवून बसलोय. कारण त्या काळचा वाचक हे दोघं एकाच वर्षात, एकाच टेबलावर, हातात येईल तसे वाचत होता. एका महिन्यात गोविंदाग्रज प्रेम आणि मरण यांच्यावर लिहून त्याचं काळीज हलवून जाणार आणि मग बाळकराम येऊन कवींचा कारखाना उघडणार.

'कवींचा कारखाना' हा बाळकरामांचा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं की हे कोणीतरी कवितेचा राग असलेल्या माणसाने लिहिलंय. कवी कसे तयार होतात, कविता कशी जुळवतात, कोणता माल कुठे लागतो, याची अशी काही उस्तवार की बस. मग लक्षात आलं की अरे, चंद्र, तारे, फुलं, अश्रू, चिता, विरह हा सगळा माल तर गोविंदाग्रजांच्याच कोठारातला आहे! ज्या हाताने लिहिलं त्याच हाताने उलटून दाखवलं. आणि उलटून दाखवल्यावरही पुढच्या महिन्यात तो हात पुन्हा तशीच कविता लिहायला बसला, तितक्याच जीव ओतून. याला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही. कवितेवर ज्याचा इतका विश्वास आहे की हसल्याने ती मोडणार नाही याची खात्री आहे, तोच असं करू शकतो. आजोबांसारखं आहे हे, ते देवाची पूजा करता करता देवाशी भांडायचे, थट्टा करायचे आणि पूजा मात्र एक दिवस चुकली नाही.

आणि एका कवितेत तर हे दोघं एकत्रच भेटतात. 'चिंतातुर जंतू'. गोविंदाग्रजांची सही, पण आवाज बघा. जगाची काळजी करणारा कोणीतरी एकेक तक्रार करतोय, सगळं जग झोपलं असताना आकाशात इतक्या तारा कशाला, उजाड माळावर उन्हाचा उजेड फुकट का सांडतोय, आणि प्रत्येक तक्रारीला एक खोचक उत्तर मिळतंय, पहिल्यालाच, वर जा आणि त्या देवालाच सांग. चाल नाचरी, सवालापाठोपाठ जबाब, मुलांना पाठ होईल असं. मी शाळेत असताना ही नुसती गमतीची कविता म्हणून पाठ केली होती. पण शेवट वाचा. तिथे कवी देवाला म्हणतो की तुझा विश्वाचा संसार चाललाय तसा चालू दे, पण या चिंतातुर जंतूंना एकदाची मुक्ती दे. तक्रार करणाऱ्यावर हसता हसता शेवटी त्याच्यासाठी मागणं मागितलंय. ही बाळकरामांची कविता की गोविंदाग्रजांची? मला ठरवता आलेलं नाही आणि ठरवायचंही नाही. शिवाय ज्या गोष्टींना तो जंतू उधळपट्टी म्हणतोय, तारे, ऊन, हिरवी पानं, त्याच गोष्टींवर त्या काळचे सगळे कवी जगत होते, हेही विसरायला नको. म्हणजे व्यवहारी माणूस कवितेला जे विचारतो, याचा उपयोग काय, त्यालाच हे उत्तर आहे, आणि उत्तर हसत दिलंय.

बाळकरामांचं सगळंच मला आवडतं असं नाही. ठकीच्या लग्नाचे लेख घ्या. तिंबूनानांची मुलगी ठकी, रूपाने यथातथाच म्हणायची, आणि तिच्यासाठी नवरा शोधायची मोहीम, अगदी लढाईवर निघाल्यासारखी तयारी. हसू येतं, खूप येतं, पण ठकीच्या रूपावर जिथे जिथे कोटी होते तिथे माझा आवंढा अडकतो. मी मोठ्याने वाचून दाखवत असले तर ती वाक्यं गाळते. तरी एक म्हणेन, की लेख पुढे जातो तसतसा हसण्याचा रोख ठकीवरून सरकून बघायला येणाऱ्यांवर, त्यांच्या हुंड्याच्या आकड्यांवर, वरपक्षाच्या तोऱ्यावर जातो, आणि मुलगी दाखवण्याची ती सगळी पद्धत किती लाजिरवाणी आहे हे दिसायला लागतं. पोरीचा बाप घाम गाळत फिरतोय हे लिहिणाऱ्याला दिसत होतं. पोरीला काय वाटतं ते मात्र त्यात नाही. ते यायला मराठीला अजून वेळ लागला.

ठकीवरून आठवलं, हीच मासिकं तेव्हा बायका वाचत होत्या. काशिनाथ मित्रांनी 'मनोरंजना'त बायकांच्या लिखाणाला मुद्दाम जागा दिली होती, काशीबाई कानिटकर, गिरिजाबाई केळकर लिहित्या होत्या. म्हणजे ठकीचं लग्न वाचणाऱ्या काही जणी स्वतः दाखवून घेऊन, नाकारल्या जाऊन आलेल्या असणार. त्या कुठे हसल्या असतील आणि कुठे थांबल्या असतील हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

१९११ पासून या मासिकांच्या पानांवर अजून एक प्रकार आला, दिवाकरांच्या नाट्यछटा. पुण्यातले शिक्षक, शंकर काशिनाथ गर्गे त्यांचं नाव. ब्राउनिंग या इंग्रजी कवीच्या एकाच माणसाच्या तोंडच्या कविता वाचून त्यांना ही कल्पना सुचली आणि त्यांनी ती गद्यात आणली. पान दीड पानाचा मजकूर, एकच माणूस बोलतोय, समोरचा काय म्हणाला ते याच्या बोलण्यावरूनच ओळखायचं. सुरुवातीला हसू येतं कारण बोलणं इतकं ओळखीचं, आपल्या वाड्यातल्या काकांचं वाटावं असं. आणि शेवटच्या दोन ओळींत तो माणूस किती कोरडा आहे हे उघडं पडतं आणि हसू जिथल्या तिथे थिजतं. एक्कावन्नच लिहिल्या. विनोदी सदरात टाकाव्या की काव्यात हे संपादकाला ठरवता आलं नसतं, पण मासिकात ते ठरवावं लागतच नव्हतं, हीच तर सोय होती.

आता टोपणनावं. ती वाचताना मला नेहमी एका मोठ्या एकत्र कुटुंबात शिरल्यासारखं वाटतं. केशवसुत म्हणजे केशवाचा मुलगा. गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा मोठा भाऊ, गडकऱ्यांच्या धाकट्या भावाचं नाव गोविंद. माधवानुज म्हणजे माधवाचा धाकटा भाऊ, हे डॉक्टर होते, काशिनाथ हरि मोडक. कोणी मुलगा, कोणी थोरला, कोणी धाकटा, स्वतःचं नाव सांगायचंच नाही, नातं सांगायचं. आणि मग एकच अक्षर, 'बी', म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. चाफ्यावर लिहिणारे ते.

आणि या घरात सगळ्यात शेवटी आले केशवकुमार. प्रल्हाद केशव अत्रे. एकदा रात्री झोपताना मला एकदम लख्ख दिसलं आणि मी उठून बसले. केशवसुत, कृष्णाजी केशव दामले. केशवकुमार, प्रल्हाद केशव अत्रे. दोघांच्या वडिलांचं नाव केशव, आणि दोन्ही टोपणनावांचा अर्थ अक्षरशः एकच, केशवाचा मुलगा! नव्या मराठी कवितेची तुतारी ज्याने फुंकली त्याचं नाव आणि त्या तुतारीच्या नकला करत गावभर फिरलेल्यांवर ज्याने झेंडूची फुलं उधळली त्याचं नाव, एकच. अत्र्यांनी हे जाणूनबुजून घेतलं असणारच, केशवसुत हे नाव त्या काळी ज्याच्या त्याच्या तोंडात होतं. म्हणजे विडंबन करायला उभा राहिला तोही घराण्याचं नाव लावूनच. गडकऱ्यांना अत्रे गुरू मानायचे, म्हणजे केशवसुतांचे चेले गडकरी, गडकऱ्यांचे चेले अत्रे, आणि पुन्हा नाव केशवाचंच. वर्तुळ पुरं.

'झेंडूची फुले' मधे अत्रे कशाची थट्टा करतात ते नीट पाहिलं की त्यांचं वाचन दिसतं. त्या काळच्या कवितेला कशाला तरी हाक मारून बोलायचं वेड होतं. निर्झरास, घुबडास, ताऱ्यास, फुलास. शीर्षकाच्या शेवटी 'स' आला की समजायचं, आता कवी त्या वस्तूशी बोलणार. बालकवींनी निर्झराशी असं काही बोलून ठेवलंय की त्याला तोड नाही, पण त्यांच्या मागून जे आले त्यांनी दिसेल त्याला हाका मारायला सुरुवात केली. मग अत्र्यांनी परटाला हाक मारली. एवढंच. धुवायला गेलेल्या कपड्यांची काळजी अगदी विरहिणीच्या सुरात केली, वृत्त सांभाळून, यमक सांभाळून. 'प्रेमाचा गुलकंद' मधे प्रियकराने प्रेमाने पाठवलेल्या गुलाबांचा मुलीने खरोखरचा गुलकंद घातला. गुलाब हा कवितेत फूल आणि स्वयंपाकघरात जिन्नस, आणि दोन्ही खरं आहे, कोण चूक म्हणणार?

पण विडंबन म्हणजे नुसती टिंगल नव्हे, त्याला आधी पाठांतर लागतं. लिहिणाऱ्याला मूळ कविता इतकी पाठ हवी की तिचा श्वास कुठे थांबतो ते कळायला हवं, आणि वाचणाऱ्यालाही ती पाठ हवी, नाहीतर हसायचं कशाला? परटाची कविता वाचून महाराष्ट्र हसला याचा अर्थ महाराष्ट्राला पाखराची कविता येत होती. घराघरात, चालीसकट. हे काम कोणी केलं? मासिकांनी. महिन्याच्या महिन्याला, गोष्टी आणि लेखांच्या मधून, पानपूरक म्हणून का होईना. आज कवितेचं विडंबन का होत नाही असं कोणी विचारलं की मला हेच सांगावंसं वाटतं, की आज अशी कुठली नवी कविता आहे जी आपल्या सगळ्यांना चालीसकट येते?

आणि एक गोष्ट आहे जिच्यामुळे ही पानं हातात घेताना मला नेहमी जरा भरून येतं. केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले, वय एकोणचाळीस. त्यांच्या कवितेचं पुस्तक निघालं १९१७ ला, हरिभाऊ आपट्यांनी लक्ष घातलं म्हणून. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले, तेहतिसाव्या वर्षी, आणि 'वाग्वैजयंती' आली १९२१ मधे, 'संपूर्ण बाळकराम' १९२५ मधे. बालकवी ५ मे १९१८ ला भादलीजवळ रेल्वेखाली सापडले, अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. म्हणजे केशवसुतांनी 'केशवसुतांची कविता' हातात घेतली नाही आणि गडकऱ्यांनी 'वाग्वैजयंती' बघितली नाही. त्यांनी जे बघितलं ते मासिकातलं पान. आपली कविता छापून आलेली, वर कोणाच्या तरी लेखाचं शेपूट, खाली रेघ. पुस्तकं आपल्याला मिळाली, त्यांना हे एवढंच. म्हणून ते पान मला पुस्तकापेक्षा जास्त खरं वाटतं.

त्या दोन तीन वर्षांत तर सगळं घरच रिकामं झालं. १९१८ ला बालकवी, १९१९ च्या जानेवारीत गडकरी, मे महिन्यात रेव्हरंड टिळक, १९२० ला निर्यमक कविता लिहिणारे रेंदाळकर, आणि त्याच वर्षी 'मनोरंजन'कार मित्र, ज्यांनी १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, ज्याच्यामुळे आजही दिवाळीत आपण फराळासोबत अंक घेतो. 'मनोरंजन' पुढे १९३५ पर्यंत चाललं. 'काव्यरत्नावली'ही त्याच वर्षी थांबली, आणि 'विविधज्ञानविस्तार' १९३७ ला.

आजोबांना, म्हणजे आईच्या अण्णांना, जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात आईकडे गेले होते, ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती आणि मी तिला टिळकांची कविता वाचून दाखवली, पाखराची, सगळी. ती घड्या घालायची थांबली. वाचून झाल्यावर थोडा वेळ काहीच बोलली नाही आणि मग म्हणाली, अगं पण ही चाल तर अण्णांची. मी म्हटलं, हो, ही आधीची. तिने आजोबांचा एक जुना पंचा अजून पुसायला वापरात ठेवलाय, तो उचलून घडी केला आणि अगदी हळू आवाजात, त्यांच्यासारखीच मान वर करून म्हणाली, परिटा, येशिल कधी परतून. आणि आम्ही दोघी हसलो, आणि मग ती उठून चहा टाकायला गेली.